चोरी कुणीही करो, माझ्याच भावाला का उचलतात?

सोलापुरातून एका मुलीचं पत्र आलंय. तिची ओळख पटेल असा मजकूर गाळून देते आहे:

'ताई, आम्ही फासेपारधी. वडील आयुष्यभर लोकांच्या रानात राबले. भाऊ चोवीस वर्षांचा, टॉवेलच्या कारखान्यात कामाला जातो. त्याच्यावर आजपर्यंत एकही गुन्हा नाही. तरी आसपास घरफोडी झाली, कुणाचं गंठण गेलं, गड्ड्याची जत्रा जवळ आली, की पोलीस आमच्या दारात. दीड वर्षात चार वेळा नेलं. एकदा दोन दिवस बसवून ठेवलं. मोबाइलवर फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात, सोडताना एक कागद देत नाहीत. तो घरी सापडला नाही तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या वडिलांना नेलं, पोरगा आला की सोडतो म्हणाले. गेल्या महिन्यात तर कारखान्याच्या गेटवर येऊन सगळ्या कामगारांसमोर जात काढून शिव्या दिल्या आणि घेऊन गेले. शेठ म्हणतो, परत पोलीस आले तर कामावर येऊ नको. ओळखीचे एक वकील म्हणाले, नादी लागू नका, उलटी केस घालतील. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात मीच पहिली शिकलेली. आम्ही गप्पच बसायचं का?'

नाही, बाळा. गप्प बसायचं नाही. पण उद्या सकाळी तावातावाने पोलीस ठाण्यात जाऊन भांडायचंही नाही.

तुझ्या पत्रातल्या एका ओळीखाली मी रेघ मारली आहे: 'सोडताना एक कागद देत नाहीत.' भावाला नेलं याची नोंद नाही, दोन दिवस ठेवलं याची नोंद नाही, वडिलांना बसवलं याचीही नाही. उद्या कुणी विचारलं तर 'असं काही घडलंच नाही' एवढं उत्तर पुरतं. म्हणून मी तुला जे सांगणार आहे त्याचा रोख एकच आहे. यापुढे, आणि जमेल तेवढं मागचंही, सगळं कागदावर आणायचं.

तुमच्या घराण्याची एके काळी फारच काटेकोर नोंद ठेवली जायची, हे तुझ्या आजोबांना ठाऊक असेल. सोलापुरात एका भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढंच सांगितलं तरी तो नेऊन सोडतो. नाव कुठून आलं हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट अशा कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला. पोर पाळण्यात असतानाच संशयित. माणसं तारेच्या कुंपणाआड ठेवली, तीच ही सेटलमेंट. मी वकिली सुरू केली तेव्हा एक आजोबा कज्जाच्या कामासाठी माझ्याकडे यायचे. लहानपणी बापाचं बोट धरून हजेरीला उभं राहायचो, बाहेर पडायचं तर पास लागायचा, हे ते सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बारीक व्हायचा. देश १५ ऑगस्ट १९४७ ला मोकळा झाला. ही माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. म्हणून तर ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात.

पुढे १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा झाला. पण तोसुद्धा जमातीला लागत नाही. ज्या माणसाला पूर्वी न्यायालयात शिक्षा झालेल्या आहेत, त्यालाच लागतो. तुझ्या भावाला एकही शिक्षा नाही, त्याच्यावर साधा गुन्हाही नाही. म्हणजे चोरी झाल्यावर त्याच्याच दारात गाडी थांबवण्यामागे जात सोडून दुसरं काही उरत नाही, आणि राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने सरकारला नेमकं तेच करायला मनाई केली आहे.

हे मी एकटी म्हणत नाही. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातिभेदाविरुद्ध याचिका केली होती. तिचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिला आणि त्यातच पोलिसांनाही बजावलं की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीच्या एका प्रकरणात, मागास समाजातल्या लोकांच्या हिस्ट्रीशीट, म्हणजे पोलिसांनी संशयितांवर ठेवलेल्या नोंदी, यांत्रिकपणे उघडल्या जातात याची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यांना आपापले नियम तपासायला सांगितलं. तुमच्या पहिल्या अर्जात या दोन्ही निकालांचा उल्लेख येऊ दे. अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळेल की समोरच्याने कुणाला तरी विचारून लिहिलंय.

आता पुढच्या वेळी गाडी दारात आली तर काय करायचं ते सांगते.

भावाला सांग, पळायचं नाही, हात झटकायचा नाही, आवाज चढवायचा नाही. एकच विचारायचं: 'साहेब, नोटीस आहे की अटक?' पोलिसांना संशयिताची चौकशी करायचीच असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली लेखी नोटीस देऊन बोलावता येतं. व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. 'फोन केला होता, आला नाही' ही तर नोटीस नव्हेच. पण लेखी नोटीस आली तर मात्र जायचंच, दिलेल्या वेळेला जायचं, आणि जाताना नोटिशीची झेरॉक्स घरी ठेवायची. जो नोटीस पाळतो त्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लिहून ठेवावी लागतात.

अटक असेल तर अटकेचा मेमो बनतो. त्यावर तारीख, वेळ आणि घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही लागते. नेणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी दिसली पाहिजे. घरच्यांना कळवलं पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं पाहिजे. चौकशीच्या सगळ्या वेळात नाही, पण मधे मधे वकिलाला भेटता येतं. अटकेची कारणं लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. प्रतिबंधक कारवाई असेल, म्हणजे आपले लोक ज्याला चॅप्टर केस म्हणतात ती, तर तिचेही कागद असतात. नोटीस नाही, मेमो नाही, चॅप्टरचा कागद नाही, तरी माणूस ठाण्यात बसलेला आहे, याला कायद्यात बेकायदा डांबणं म्हणतात. मग बसवणारा कुणीही असो.

त्या क्षणी घरच्यांनी काय करायचं? तू ११२ ला फोन कर आणि एवढंच सांग: अमुक वाजता, अमुक गाडीतून, इतक्या पोलिसांनी भावाला नेलं, कोणत्या ठाण्यात ते सांगितलं नाही. त्या फोनची नोंद राहते. मग तोच मजकूर शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना आणि ग्रामीण हद्दीत असाल तर पोलीस अधीक्षकांना ईमेल कर. दहा ओळी पुरेत. पुढे कोणी कितीही नाकारलं तरी त्या रात्रीचा तुझा फोन आणि तुझा ईमेल खोटे ठरवता येत नाहीत. चोवीस तास उलटूनही पत्ता नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयासमोर हजर करा अशी, याचिका करता येते. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्या अखत्यारीत आहे. गरीब माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

वडिलांच्या बाबतीत तर मला राग आवरत नाही. साठ वर्षांवरच्या पुरुषाला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावताच येत नाही. जे विचारायचं ते त्याच्या घरी येऊन विचारायचं, असं त्याच संहितेचं कलम १७९ सांगतं. बाईलाही हाच नियम. आणि मुलगा यावा म्हणून बापाला अडकवून ठेवणं याला तर कुठल्याच कलमाचा आधार नाही. हा ओलीस ठेवण्याचा प्रकार आहे, आणि तक्रारीत तो वेगळ्या परिच्छेदात लिहायचा.

फोटो आणि ठशांचं असं आहे: २०२२ च्या कायद्याने पोलिसांना हा अधिकार मिळाला, पण अटक झालेल्या, शिक्षा झालेल्या किंवा प्रतिबंधक कायद्याखाली ताब्यात असलेल्या माणसापुरता; इतरांच्या बाबतीत दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. ही माहिती पंचाहत्तर वर्षं जपून ठेवली जाते. मग विचार कर, ज्याला अटकच केली नाही त्याचे ठसे कोणत्या अधिकारात घेतले आणि ते आता कुठे आहेत? हा प्रश्न माहिती अधिकारात विचारायचा. एरवी उत्तराला तीस दिवस असतात, पण व्यक्तीच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत माहिती द्यावी लागते.

दोन बारीक गोष्टी, पण त्यांच्यावाचून पोरं अडकलेली मी पाहिली आहेत. भावाच्या मोबाइलची आणि गाडीची बिलं शोधून एका पिशवीत ठेव. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२४ खाली, चोरीची वाटते अशी वस्तू जवळ सापडली आणि तिचा समाधानकारक खुलासा देता आला नाही तर तेवढ्यावर गुन्हा होतो. आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे भावाला नीट समजावून सांग. मार बसला की माणूस 'मीच केलं' म्हणतो आणि मग आता सगळं संपलं असं समजून गप्प होतो. तसं नसतं. दंडाधिकाऱ्यासमोर उभं केल्यावर त्यांनी विचारलं तर, आणि नाही विचारलं तरी, 'मला मारलं' हे तिथेच सांगायचं.

सोडून दिल्यावर अंगावर वळ असतील तर आधी घरी न्यायचं नाही, थेट सिव्हिलला. तू नर्सिंगची आहेस, एमएलसी, म्हणजे मारहाणीसारख्या प्रकरणाची दवाखान्यातली कायदेशीर नोंद, काय असते हे तुला मी शिकवायला नको. 'पडलो' म्हणायचं नाही. कोणी, कुठे, कशाने मारलं हे केसपेपरवर लिहून घ्यायचं. कबुली काढण्यासाठी मारहाण करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, जबर दुखापत असेल तर दहा.

आता जे होऊन गेलं त्याचं. इथे घाई हवी.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला आणि चित्रीकरण अठरा महिने, अगदी कमीत कमी एक वर्ष, जपायला सांगितलं. दीड वर्षातल्या चार वेळांपैकी पहिल्या वेळेचं कदाचित पुसलं गेलं असेल. शेवटच्या दोन-तीन वेळांचं असायला हवं. तारीख आणि अंदाजे वेळ घालून 'हे चित्रीकरण नष्ट करू नये आणि मला त्याची प्रत मिळावी' असा अर्ज आधी करायचा, बाकी सगळं नंतर. दुसरी मुदत याहून कडक आहे. पोलिसाने अधिकाराच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ नुसार सहा महिन्यांच्या आत भरावा लागतो. त्यानंतर, घटनेपासून दोन वर्षांपर्यंत, राज्य सरकारची मंजुरी घेऊन. कित्येक चांगल्या तक्रारी या एका कलमापायी दारातच परतल्या आहेत.

कारखान्याच्या गेटवरचा प्रसंग तुमच्या हातातला सगळ्यात बळकट धागा आहे. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात. लोकांसमोर, जातीचं नाव घेऊन केलेला अपमान ॲट्रॉसिटीच्या कायद्यात, १९८९ च्या कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) मध्ये बसतो. शिव्या देणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसला पाहिजे, ही अट आहे. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. याच कायद्यात खोटी केस घालणं हाही गुन्हा आहे. तुझ्या त्या वकिलांची धमकीवजा भीती मला इथे आठवते. तिचं उत्तर कायद्यात आहे, फक्त ते आधीपासून वापरावं लागतं. मात्र जे शब्द उच्चारले गेले तेच लिहायचे, एक अक्षर वाढवायचं नाही. गेटवर हजर असलेल्या दोन कामगारांनी खरं सांगितलं तर पुरे, वीस जणांची यादी नको.

जातीचा दाखला लागेल. भावाकडे नसेल, पण कॉलेजसाठी तू काढलेला असणार. तुझ्या दाखल्याची जात वैधता (पडताळणी) झाली असेल तर त्याच्या दाखल्याचं काम पुष्कळ सोपं होतं. प्रांत कार्यालयात आजच अर्ज टाका.

इथे मला वाचणाऱ्या दुसऱ्या घरांशीही बोलायचंय. सेटलमेंटच्या परिसरातली कैकाडी पोरं हे वाचत असतील. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत आहेत, सोलापुरात मात्र विमुक्त जातीत. म्हणजे नागपुरात ज्या शिवीवर ॲट्रॉसिटी लागते, त्याच शिवीवर इथे लागत नाही. तीच माणसं, तोच अपमान. हा अन्याय आहे आणि तो दूर व्हावा म्हणून मागणी झालीच पाहिजे. पण तोवर हात बांधलेले नाहीत. बेकायदा डांबणं, मारहाण, विनाकागद ठसे, यांविरुद्धचे वर सांगितलेले सगळे मार्ग वडार, कैकाडी, भामटा, कुणालाही तितकेच खुले आहेत.

तक्रार कुठे द्यायची? आधी ठाण्यात, लेखी, पोच घेऊन. घेतली नाही, आणि बहुधा घेणार नाहीत, तर तीच स्पीड पोस्टाने आयुक्तांना किंवा अधीक्षकांना. तिथूनही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. या क्रमातली एक पायरी गाळली तर न्यायालय मागे पाठवतं, म्हणून पोस्टाच्या पावत्या सांभाळ. सोबतच राज्य मानवी हक्क आयोगाला मुंबईत लिहिता येतं. घटनेपासून एक वर्षाच्या आत. आणि कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा ताबा हा विषय थेट ज्यांच्या अखत्यारीत येतो ते राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे, ज्याची माहिती अजून फारच कमी लोकांना आहे. आयोग आणि प्राधिकरण यांच्याकडून लगेच कुणी निलंबित होईल अशी आशा धरू नको. वेळ लागतो, तारखा पडतात, कधी नुसती समज देऊन सोडतात. तरीही जा म्हणते, कारण वरून खुलासा मागवला गेला की त्या ठाण्यात तुझ्या भावाच्या नावापुढे पहिल्यांदाच काहीतरी वेगळं लिहिलं जातं. ज्याच्यामागे विचारणारं कुणी आहे अशा माणसाला उचलताना हात थोडा थांबतो. हे मी अनेकदा पाहिलंय.

न्यायालयाने न्याय दिला तर किती उशिरा देतं, तेही लपवत नाही. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना एका खटल्यात फाशीची शिक्षा झाली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. मग २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने ते निर्दोष ठरवले, त्यांना गोवलं गेलं होतं असं म्हटलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सरकारला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. तुझ्या भावाचं प्रकरण त्या टोकाला जाण्याआधी, म्हणजे आत्ताच, कागद उभे करायला मी म्हणतेय ते यासाठी.

वकिलाच्या पैशांची काळजी करू नको. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. अत्याचाराच्या तक्रारीसाठी वेगळी हेल्पलाइन आहे, १४५६६. नेमून दिलेला वकील लक्ष घालत नसेल तर बदलून मागता येतो. मागायला लाजू नका. आणि ठाण्यात एकटीने जायचं नाही. वस्तीतली चार माणसं, शक्यतो एखादे शिक्षक किंवा नगरसेवक बरोबर घ्यायचे.

राहिला शेठ. त्याच्यावर रागावू नको, गेटवर पोलिसांची गाडी त्यालाही नको असते. त्याच्याकडे नोकरीची भीक मागायला जाऊ नका, एक काम घेऊन जा. ज्या रात्री चोऱ्या झाल्या त्या रात्री भाऊ पाळीवर होता का, हे कारखान्याच्या मस्टरमध्ये आणि पंचिंग मशीनमध्ये असणार. त्या तारखांच्या हजेरीची सहीशिक्क्यानिशी प्रत माग. आजोबांच्या वेळी हजेरी पकडण्यासाठी घ्यायचे. ही हजेरी तुझ्या भावाला सोडवेल.

या रविवारी भावाला शेजारी बसवून एका वहीत चारही वेळांचं लिहून काढ: तारीख, वार, किती वाजता नेलं, कोणी, कुठे ठेवलं, काय विचारलं, कधी सोडलं, तेव्हा कोण भेटलं. तारीख आठवत नसेल तर सणावरून, पगाराच्या दिवसावरून, तुझ्या परीक्षेवरून काढ. सोमवारी ती वही आणि तुझा जातीचा दाखला घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जा, आणि पहिला अर्ज सीसीटीव्हीचा कर.